टिटवी

मार्च लागला की मी चाकं काढते.
रॉकेलच्या घमेल्यात बेअरिंगं बुडवून ठेवते,
जुनं ग्रीस काळं, त्यात येलदरीची रेती.
रेती निघते, पुढच्या मार्चला पुन्हा तितकीच निघते.

बोटीला चाळीस वर्षं, ट्रेलरला नऊ.
ट्रेलर खलीलभाईचा, वसमत रोडला
उसाच्या ट्रॉल्या जोडता जोडता केलेला.
बाकी सगळ्यांनी विचारलं, बोट? परभणीत?
त्यानं वेल्डिंगची काच कपाळावर सरकवली,
खडूनं फरशीवर चाक काढलं आणि म्हणाला,
"पाणी कुठपर्यंत येणार, मॅडम, तेवढं सांगा."

नाव मी ठेवलेलं नाही.
तीन रंग खरवडले, चौथ्याखाली निघालं: टिटवी.
टिटवीनं म्हणे समुद्र आटवला होता.
इथं तिला तसदी नाही.
धरण आपापलं आटतं.

एप्रिलमध्ये पहाटे पाचला काम.
पेरानं ठोकत ठोकत जायचं नाळेपासून मागे
कलिंगड पारखावं तसं.
बद्द वाजलं की तिथं आत ओल.
तेवढं कापायचं, वाळू द्यायचं, फायबरची पट्टी बसवायची.
हार्डनर डब्यावर लिहिलाय त्याच्या निम्मा,
कारण आमच्या एप्रिलात डब्यावरचं काही खरं नसतं;
आठ वाजता कालवायला घेतलेलं रेझिन
वाटीतच दगड होतं, आत काडी उभी.
शिडाला उंदरानं पाडलेलं भोक
गादीवाल्या रुक्साना आपांनी शिवलं.
टाका गादीचाच आहे. वाऱ्याला चालतो.

मग एखाद्या रविवारी, जीपच्या मागे,
वरून ताडपत्री, डोलकाठी आडवी, टोकाला लाल फडकं.
झरी, बोरी, जिंतूर.
बोरीला चहा घेताना माणसं भोवती फिरतात.
"देव हाय का आत?"
"कोन्या पक्षाचं?"
एक पोरगा ताडपत्री उचलून बघतो, गप्प होतो,
मग हळूच विचारतो, "ॲव्हरेज काय देती?"

येलदरीच्या मागच्या पाण्याला रॅम्प नाही.
बुडालेल्या गावाचा खडीचा रस्ता आहे,
सरळ पाण्यात उतरतो, तोच आमचा रॅम्प.
गुणाजी पुढं चालतो, उलटा, माझ्याकडं तोंड करून,
गुडघ्याएवढ्या पाण्यात, मग कमरेएवढ्या,
हातानं खुणावत मला जीप मागं घ्यायला लावतो.
"उजवं चाक सांभाळा, इथं मोरी हाय.
आता सोडा. आता भिकाशेटची गिरणी.
इथं चढ व्हता, बैल थांबायचे."
तळ दिसत नाही. चाक कधी अडलं नाही.

यंदा मोरी उघडी पडली आहे.
कोरडी, कठड्यावर बगळ्यांची घाण.
गिरणीचा चौथराही उघडा, आणि त्याच्याही पुढं
भेगाळलेला गाळ, मग कुठं पाणी.
गुणाजी चौथऱ्यापाशी थांबला.
मी काचेतून डोकं बाहेर काढलं. काय झालं?
"हितनं म्होरं मला ठावं न्हाई."
अहो, गाव तुमचं.
"गाव माजंच. पर हितनं नदीपत्तूर
बा खांद्यावर घ्यायचा.
मी वरनं बघितलेलं हाय. खालचं त्याला म्हाईत."

मी इंजिन बंद केलं.
त्यानं काठी घेतली आणि एकेक पाऊल
खुपसून बघत निघाला, आंधळ्यासारखा,
मध्येच एकदा मान वर करून
झाडं नसलेल्या जागी काहीतरी शोधलं,
आणि जरासा डावीकडे वळला.
का वळला, विचारलं नाही.
मी मागोमाग, पहिल्या गिअरच्याही खाली जमेल तितकी हळू.

हब बुडाले. पुन्हा रेती, असू दे.
पट्टे सोडले. तो नाळेला खांदा लावून उभा,
मी जीप उतरून मागच्या दोराला.
पाणी नुसतं लागत होतं, लागत होतं,
आणि एका क्षणी हातातला दोर
सैल झाला.
"उचललं बगा," गुणाजी म्हणाला,
खांदा अजून तसाच ठेवून.